झोपी जाणारे हेडफोन

साध्या हेडफोनमधलं गाणं तीन लाद्यांपर्यंत ऐकू येत होतं आणि शाही हेडफोनमधलं पाच लाद्यांपर्यंत. लादी एक फूट बाय एक फूट. बकुळाने खात्री करण्यासाठी दोनदा मागे सरकून पाहिलं. दुसऱ्या वेळी तिचा पाय कुणाच्या तरी चपलेवर पडला, पण लाद्यांचा आकडा बदलला नाही.

खोलीत पन्नासेक माणसं होती आणि एकही बोलत नव्हतं. शुक्रवार होता. शुक्रवारी भिवंडीचे लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून हेडफोनचा 'अनुभव' शुक्रवारीच द्यायचा, असा बाळाराम उस्तादचा नियम होता. धामणकर नाक्यावर मागांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वर त्याची खोली होती. नाव 'स्वरसिद्धी'. पाच वर्षांपूर्वी, म्हणजे १९८९ पर्यंत, बाळाराम याच खोलीत जळलेल्या मोटरींची तार नव्याने बांधून द्यायचा. तेव्हा त्याला कुणी उस्ताद म्हणत नसे. मोटर पुन्हा जळली तर काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आत्ता खुर्चीत केसरीनाथ बसला होता. काल्हेरचा. भातशेतीच्या जागी गोदामं उभी राहिल्यापासून त्याला वेळ भरपूर होता आणि घरात चौदा हेडफोन होते. त्याचे डोळे मिटलेले होते. उस्तादने आधी त्याच्या कानांवर साधा हेडफोन चढवला, टेबलावरच्या काळ्या पेटीच्या डाव्या भोकात पिन घातली आणि गाणं लावलं. मग तो काढला. मखमलीची पेटी उघडली. शाही हेडफोन बाहेर काढला, अत्तराच्या बोळ्याने पुसला, दोन्ही हातांनी केसरीनाथच्या डोक्यावर मुकुटासारखा ठेवला आणि चांदीची पिन उजव्या भोकात घातली. तेच गाणं पुन्हा लावलं. मग उस्तादने दोन्ही हात वर केले.

"बघून घ्या. आवाजाच्या बटणाला माझा हात नाही. रेघ होती तिथेच आहे."

रेघ खरंच होती तिथेच होती. पहिल्या रांगेतल्या दोघांनी वाकून पाहिलं आणि माना डोलावल्या.

केसरीनाथच्या गालावरून एक थेंब ओघळला. "झांज," तो म्हणाला. "मागं कुनीतरी झांज वाजवतंय. मना पयल्यात आयकूच आली न्हाय."

"येणारच नाही," उस्ताद म्हणाला. "साधा हेडफोन तुम्हाला गाणं ऐकवतो. शाही आधी स्वतः ऐकतो, मग तुम्हाला ऐकवतो. तांब्याची तार गाणं तापवते. चांदीची तार गाणं निववते. हा घरी नेल्यावर शंभर तास एकट्याला गाऊ द्यायचा. उशीवर ठेवून. तोंड पूर्वेला."

"आनि उशी कंची?" केसरीनाथने विचारलं.

"कापसाची. फोमने घुसमटतो."

मागून इसरारभाईने हलक्या आवाजात विचारलं, "उस्ताद, मेरा वाला तो दस दिन में ही सो गया. अब क्या करूँ?" इसरारभाई नारपोलीच्या शेडमध्ये विणकर होता. तो 'हलक्या आवाजात' बोलला म्हणजे खालच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. वीस वर्षं मागावर उभ्या राहिलेल्या माणसाचा हलका आवाज तेवढाच असतो.

"झोपला म्हणजे तुझे कान वर गेले," उस्ताद म्हणाला. "तू एक पायरी चढलास, तो खालच्या पायरीवर राहिला. त्याला जागवून उपयोग नाही. वरचा घ्यावा लागतो. शिवाय तुझ्या घरची वीज लूमच्या फीडरवरून येते. तिच्यात मागाच्या धोट्याची ठोक मिसळलेली असते. ती गाळायला वेगळी वायर आहे माझ्याकडे."

इसरारभाईने समाधानाने मान हलवली. आपले कान वर गेले, हे त्याला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं.

बकुळा या खोलीत पहिल्यांदा आली होती. ती आठवी-नववीला विज्ञान शिकवायची आणि शाळा सुटल्यावर थेट इथे आली होती, कारण तिचा नवरा आज शाही हेडफोन ठरवणार होता. दत्तू तिसऱ्या रांगेत बसला होता. केसरीनाथनंतर त्याचा नंबर होता. तो खुर्चीत बसला, डोळे मिटले, आणि शाही हेडफोन कानांवर येताच त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बकुळाने गेल्या चार-पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. एखाद्याला गर्दीत हरवलेलं माणूस दिसावं, तसा तो चेहरा होता.

म्हणून ती लाद्या मोजत राहिली.

दत्तू जॉबर होता, म्हणजे माग दुरुस्त करणारा. सोळाव्या वर्षी शेडमध्ये गेला आणि आता बेचाळीसचा होता. नारपोलीत त्याचं नाव होतं ते हातामुळे नव्हे, कानामुळे. अठ्ठेचाळीस मागांचा खडखडाट चालू असताना तो दारात उभा राहून सांगायचा, "चौथ्या ओळीत, भिंतीकडून दुसरा. धोटा पेटीत उशिरा पोचतोय." शेठ लोक दुसऱ्या शेडमधून त्याला रिक्षाने घेऊन जायचे. तो मागाला हात लावायच्या आधी डोळे मिटून उभा राहायचा. डॉक्टर नाडी बघतो तसं, असं लोक म्हणायचे. बकुळाला ही उपमा आवडायची नाही, पण ती बरोबर होती.

मग कधीतरी तो दारातून सांगेनासा झाला. आधी आत जाऊन सांगू लागला, मग मागाला हात लावून, मग माग बंद करून. विचारलं तर म्हणायचा, "हल्लीचे माग पूर्वीसारखे बोलत नाहीत." घरी कुकरची शिटी त्याला ऐकू यायची, पण दारावरची बारीक घंटा यायची नाही. सकाळी वंदनेची कॅसेट लागायची, त्यातला घंटेचा शेवटचा टोल संपून गेल्यावरही तो हात जोडून वाट बघत बसायचा.

दोन वर्षांपूर्वी बकुळाने त्याला ठाण्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी एक आलेख काढून दिला. आलेख ती नववीला शिकवायची, त्यामुळे समजावून सांगावा लागला नाही. रेघ सपाट चालत आली होती आणि चार हजारांच्या खुणेपाशी, जिथे घंटा-झांजेसारखे बारीक आवाज असतात तिथे, विहिरीत पडावी तशी खाली गेली होती. डॉक्टर म्हणाले, मागांच्या आवाजाने हे होतं, गेलेलं परत येत नाही. पण कानाला यंत्र लावलं तर उरलेलं कामाला येईल. शेडमध्ये कान झाका. आणि मोठा आवाज टाळा, नाहीतर उरलेलंही जाईल.

"बघू," दत्तू म्हणाला.

तो आलेख कपाटाच्या वरच्या खणात गेला. त्याच महिन्यात पहिला हेडफोन घरात आला. आता त्या कपाटाच्या बाजूला सात खिळे होते आणि सात खिळ्यांवर सात हेडफोन. प्रत्येक नवा आला की दत्तू आठ-दहा दिवस खुशीत असायचा. "यात झांज आहे," म्हणायचा. मग आवाजाचं बटण एक घर पुढे जायचं. मग आणखी एक घर. मग तो म्हणायचा, हा झोपला. बकुळा वर्षातून चार-पाचदा यंत्राचा विषय काढायची. तो म्हणायचा, "बघू." एकदा मात्र बघू म्हणाला नाही. म्हणाला, "कानात मशीन घालून शेडमध्ये गेलो, तर पोरं काय म्हणतील? जॉबरचाच माग बंद पडला?"

 पोरं तसंच म्हणाली असती.

त्या शुक्रवारी घरी परतताना रिक्षात ती म्हणाली, "अहो, आज लगेच घेऊ नका. आठ दिवस थांबा."

"का?"

"शाहीचा आवाज मला पाच लाद्यांवरून ऐकू आला. साध्याचा तीन."

दत्तूने जरा विचार केला. "म्हणजे चांगलाच आहे की."

"म्हणजे मोठा आहे. चांगला आहे का ते अजून कळलेलं नाही."

"उस्तादने बटणाला हात लावला नाही. मी बघत होतो."

"मीही बघत होते. बटणाकडे सगळेच बघत होते. म्हणून तर तो हात वर करतो."

दत्तू हसला. "तुझ्या वर्गातली पोरं तुला घाबरतात ते उगाच नाही. बरं, आठ दिवस. पुढच्या शुक्रवारी त्यालाच विचार. पण सगळ्यांसमोर विचार, माझ्यामागे कुजबुज नको."

आठ दिवस बकुळा कामाला लागली. शाहीचा आवाज बाहेर जास्त येतो याची कारणं दोन असू शकत होती. एक तर त्याच्या कानांवरच्या वाट्या मागून जास्त उघड्या असतील, किंवा आतला आवाजच मोठा असेल. अंदाजाने यातलं एकही ठरवायचं नव्हतं. घरी दत्तूचा जुना रेकॉर्डर होता. आवाज भरताना त्यावरची सुई शून्यापासून शंभरापर्यंत हलायची. शाळेच्या हार्मोनियमची एकच पट्टी दाबून धरून तिने अर्धा मिनिट सूर कॅसेटवर भरून घेतला. मग घरातला एकेक हेडफोन दत्तूच्या कॅसेट प्लेअरला लावायचा, तो सूर वाजवायचा, रेकॉर्डरचा माइक वाटीत ठेवायचा आणि सुई बघायची. सातही हेडफोनची सुई तिने बटण फिरवून एकाच रेघेवर आणली आणि मग डोळे मिटून गाणं ऐकलं. सातांत फरक होता. पण बाजारात दोन दुकानांच्या तूरडाळीत असतो, तेवढाच.

पुढच्या शुक्रवारी ती रेकॉर्डर पिशवीत घालून, कॅसेट पर्समध्ये ठेवून 'स्वरसिद्धी'त गेली. दत्तू बरोबर होता. केसरीनाथही आला होता. त्याने मधल्या काळात शाही घेतला होता आणि उस्तादच्या हातून जागा करून घ्यायला तो कापसाच्या उशीसकट आणला होता.

"उस्ताद, एक शंका आहे," बकुळा म्हणाली.

"शंका असावी बाई. शंका म्हणजे कानाचा मळ. निघाला पाहिजे."

लोक हसले. बकुळाने हसू ओसरू दिलं. वर्गात तिला याची सवय होती.

"साधा नेहमी डाव्या भोकात आणि शाही नेहमी उजव्या भोकात का लावता? आज उलट लावून बघू."

उस्तादचा हात मखमलीच्या पेटीवर थांबला. "शाही डाव्यात घातला तर जळेल."

"मग तो राहू दे. साधा उजव्यात घालू."

"साधा उजव्यात फुटेल. त्याला ते तेज झेपणार नाही."

"फुटला तर भरून देते."

"वस्तूचा प्रश्न नाही, बाई. अपमानाचा आहे. वस्तूला जागा असते. देवाच्या पाटावर चपला ठेवतं का कोणी?"

खोलीत थोडी चुळबुळ झाली. तेवढ्यात केसरीनाथ उठला. त्याने उशीवरचा शाही उचलला आणि बकुळाच्या हातात दिला.

"हा माजा हाय. मी घेतलाय. जलला त माजा जलल. लावा बाई डाव्यात."

"केसरीनाथशेठ," उस्ताद म्हणाला, "शंभर तास झाले नाहीत अजून त्याचे."

"चौऱ्यान्नव झालं. मी पाटीवर लिवून ठेवलंय. सा तासानी काय तो म्हातारा व्हनार हाय?"

आता नकार देणं उस्तादला जड गेलं. पन्नास माणसं बघत होती, आणि त्यांना बघायला बोलावलं त्यानेच होतं.

प्रश्न उरला ऐकायला कोण बसणार याचा. बकुळाने केसरीनाथकडे पाहिलं. "दादा, तुम्हीच बसा."

"अरे नहीं नहीं," मागून इसरारभाई म्हणाला. "दत्तूभाई को बिठाओ. पूरे नारपोली में कान एक ही है."

"दत्तूभाई, दत्तूभाई," चार-पाच आवाज उठले.

बकुळाच्या हातातली पिन हातातच राहिली. हे तिने गृहीत धरलं नव्हतं. आठ दिवस तिने सुईचा, सुराचा, भोकांचा विचार केला होता. या खुर्चीत कोण बसेल, याचा केला नव्हता. "ते नकोत," ती म्हणाली. "घरचं माणूस आहे. लोक म्हणतील ठरवून आलो."

"मीच बसतो," दत्तू म्हणाला. "ठरवलं असतं तर तू मला सांगितलं असतंस का? माझं तोंड बंद राहत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे." तो खुर्चीत बसला, खांद्यावरचा रुमाल काढला आणि स्वतःच डोळ्यांवर बांधला.

आता मागे येणं नव्हतं. साधा तिने उजव्या भोकात घातला आणि केसरीनाथचा शाही डाव्यात. काहीच जळलं नाही, फुटलंही नाही. वाट्यांचा स्पर्श कळू नये म्हणून प्रत्येक वेळी दत्तूच्या कानांवर पातळ कापड ठेवलं. गाणं दहा वेळा वाजलं. कधी हा, कधी तो, इसरारभाई नाणं उडवेल तसं. दत्तूने प्रत्येक वेळी सांगायचं, साधा की शाही.

"शाही," दत्तू म्हणायचा, आणि कानांवर साधा असायचा. "साधा," तो म्हणायचा, आणि कानांवर केसरीनाथचा शाही असायचा. दहापैकी दहा वेळा. मोठा आवाज ओळखण्यात एकदाही चुकला नाही, आणि नाव सांगण्यात एकदाही बरोबर आला नाही.

केसरीनाथ आपल्या उशीकडे बघत होता.

मग बकुळाने पिशवीतून रेकॉर्डर काढला. एकच हेडफोन घेतला, साधा. कॅसेट घालून हार्मोनियमचा सूर लावला, माइक वाटीत ठेवला. डाव्या भोकात सुई साठावर थांबली. उजव्या भोकात शंभरावर. आवाजाच्या बटणाची रेघ होती तिथेच होती. साठ आणि शंभर, म्हणजे तीनास पाच. लाद्यांचं मोजमाप इतकं जुळेल अशी तिची अपेक्षा नव्हती. तिने ते योगायोगात जमा केलं.

"हेडफोन तोच," ती म्हणाली. "गाणं तेच, बटण तिथेच. फक्त भोक बदललं. उजव्या भोकातून आवाज मोठा येतो."

"कैसे?" इसरारभाईने विचारलं.

"ते पेटी उघडली तर कळेल."

"पेटी उघडायची नाही," उस्ताद म्हणाला. "परदेशी बनावट आहे. उघडली की सूर उडून जातो."

पण दत्तूने तोपर्यंत डोळ्यांवरचा रुमाल काढला होता, आणि जॉबरच्या खिशात स्क्रूड्रायव्हर नाही असं कधी होत नाही. चार स्क्रू होते. चारही भिवंडीचे होते. झाकण उचलल्यावर दत्तूने आत बोट दाखवलं. दोन्ही भोकांकडे सारख्याच तारा जात होत्या. डाव्या भोकाच्या तारेत मात्र गव्हाच्या दाण्याएवढी, रंगीत पट्ट्यांची एक वस्तू जोडलेली होती.

"रेझिस्टन्स," दत्तू म्हणाला. "याने आवाज दाबलाय. साध्याच्या तोंडावर हात ठेवलाय उस्तादने. आणि सोल्डरचा डाग मोटर बांधणाऱ्याचाच आहे, जाडा."

खोलीतले लोक आता एकाच वेळी बोलू लागले. कुणी हसलं, कुणी शिवी दिली, एकाने आपल्या वायरचे पैसे मागितले. उस्ताद उभाच होता. त्याने अत्तराचा बोळा बाटलीत घातला आणि बूच लावलं.

"मिठाईवाला बर्फीला वरख लावतो," तो म्हणाला. "तो काय फसवतो? मी आवाज जरा मोठा करून दाखवला. गाणं तुमचं, कान तुमचे, आनंदही तुमचाच. केसरीनाथशेठ रडले ते मी रडवलं? आणि मला एक सांगा. पहिला फसवून विकला म्हणा. दुसरा? तिसरा? चौदावा? मी कुणाच्या घरी बोलवायला आलो होतो?"

प्रश्न खरा होता. लोक बकुळाकडे बघू लागले. शाळेत अवघड प्रश्न आला की मुलं अशीच बाईंकडे बघतात.

"तुम्ही बोलवायला आला नव्हता," ती म्हणाली. "तशी गरजच नव्हती. तोच सूर थोडा मोठा वाजवला की तो आपल्याला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. हे माझ्या कानालाही होतं, तुमच्याही. इथे ऐकलेला हेडफोन घरी नेला की घरच्या भोकात लागतो आणि जुन्याइतकाच वाजतो. तरी नवा असतो. नव्याचे नऊ दिवस आपण कान देऊन ऐकतो, आणि कान देऊन ऐकलं की जुन्या गाण्यातही नवीन सापडतं. दहाव्या दिवशी कान द्यायचं थांबतं. मग आपण म्हणतो, हेडफोन झोपला. हेडफोन झोपत नाही. त्यात एक चुंबक, एक तारेचं वेटोळं आणि एक पडदा आहे. झोपायला त्यात काही नाही."

"मंग चौदा?" केसरीनाथने विचारलं. तो खरंच विचारत होता.

"दुसरा हेडफोन विकत मिळतो, दादा. दुसरा कान मिळत नाही. म्हणून दोष हेडफोनला दिलेला परवडतो."

हे बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण कुणाबद्दल बोललो. दत्तू झाकणाचे स्क्रू परत बसवत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"म्हंजे दोन्ही सेमच हायेत?" केसरीनाथ म्हणाला.

"ते अजून बघितलेलं नाही," बकुळा म्हणाली. आणि बघायला तर हवंच होतं. अर्धा प्रयोग करून थांबायचं, हे ती मुलांना करू देत नसे.

तिने दोन्ही हेडफोन आळीपाळीने उजव्याच भोकात लावले आणि बटण फिरवून दोघांची सुई एकाच रेघेवर आणली. बटणाच्या दोन जागांवर पेन्सिलने खुणा केल्या. मग रुमाल, कापड, नाणं आणि दहा वेळा गाणं. दत्तूचे चार बरोबर आले. इसरारभाईचे पाच. केसरीनाथचे सहा, आणि सहाला त्याने स्वतःला पास केलं.

"नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढेच आले असते," बकुळा म्हणाली.

"दत्तूभाई, चार?" मागून एक तरुण विणकर म्हणाला. "कापूस काढा कानातला."

हशा झाला. दत्तूही हसला, जरा उशिरा. वाक्य ऐकून नव्हे, लोक हसताना बघून. हे बकुळाशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्याने रुमाल तिच्यापुढे धरला.

"आता तू बस."

"माझं कशाला?"

"प्रयोग तुझा. तू बस."

ती बसली. कापडावरून वाटी कानावर आली, गाणं सुरू झालं आणि पहिल्या दोन सेकंदांत तिला कळलं. शाहीत झांजेची कड जरा लख्ख होती, घासलेल्या तांब्यासारखी. साध्यात तीच झांज जरा मऊ होती. फरक थोडा होता, पण होता, आणि तिला तो जवळजवळ प्रत्येक वेळी ऐकू येणार होता. तेव्हाच तिला हेही कळलं की चार-पाच उत्तरं मुद्दाम चुकवली तर सगळं इथेच मिटेल. कुणालाच फरक कळत नाही, असं ठरेल. दत्तूचे चार सगळ्यांच्या चार-पाच-सहात मिसळून जातील आणि शेडमधली पोरं उद्या विसरतील. रुमालाआड तिचा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

तिने आयुष्यात एकदाही आकडा खोटा सांगितला नव्हता. त्या खुर्चीत मात्र तिला तो सांगावासा वाटला, पहिल्या उत्तराआधी, आणि दुसऱ्याआधीही.

"शाही," ती म्हणाली. मग "साधा". मग पुन्हा "साधा".

दहापैकी नऊ आले.

"ऐका," उस्ताद म्हणाला. त्याच्या आवाजात जीव परत आला होता. "बाई स्वतः सांगतात. फरक आहे."

"आहे," बकुळा रुमाल सोडत म्हणाली. "थोडा आहे. उस्ताद सांगतात तेवढा नाही, आणि उशीने, अत्तराने, पूर्वेने वाढणारा नाही. केसरीनाथदादांचा शाही बरा हेडफोन आहे. पण माझं खरं मानू नका, उस्तादांचंही मानू नका. घरी जाऊन डोळे बांधा, दोन्हींचा आवाज सारखा करा, दुसऱ्याला बदलायला सांगा आणि दहा वेळा लिहून ठेवा. फरक ऐकू आला आणि आवडला तर खुशाल घ्या. नाही आला तर आधी कानाकडे बघा. एवढंच करायचं, कुठल्याही चमत्कारासमोर. बघायचं, मोजायचं, उलट लावून बघायचं. आणि उलट लावू नका असं जिथे सांगतात, तिथे आधी तेच करायचं."

केसरीनाथने उशी काखेत मारली. "उशी त ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मान दुखते माजी."

लोक जिन्याकडे सरकू लागले. काही उस्तादशी हुज्जत घालत थांबले. दत्तू मात्र खुर्चीजवळच उभा होता. साधा हेडफोन त्याच्या हातात होता आणि तो त्याच्या वाट्या उलटसुलट करून बघत होता. मागाचा बिघडलेला भाग बघायचा, तसाच.

"बकुळा," तो म्हणाला, "झांज तुला दोन्हीत ऐकू आली?"

तिला उत्तर द्यायचं नव्हतं. "हो."

"ह्याच्यातसुद्धा? साध्यात?"

"त्याच्यातसुद्धा."

"पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

"मधे थांबते कडव्याला. मग परत येते."

दत्तूने मान हलवली. "मला वाटायचं, साध्यात ती बनवणाऱ्यांनी घातलेलीच नाही," तो म्हणाला. "स्वस्तात देत नसतील, असं वाटायचं." त्याने हेडफोन टेबलावर ठेवला. वायर गुंडाळली, तिचं टोक आत खोचलं. इसरारभाई आणि तो तरुण विणकर जिन्याच्या तोंडाशी त्याची वाट बघत उभे होते. दत्तूने त्यांच्याकडे पाहिलं, मग बकुळाकडे. आणि शेडमध्ये बोलायचा त्याच आवाजात, खालच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असा, तो म्हणाला,

"मला कमी ऐकू येतं. सोमवारी रजा टाक. ठाण्याला जाऊ. मी कानाला यंत्र लावतो."